सेंट कॅथरीनची वेस

प्रिय सुनील,

स. न. वि. वि.

२५ नोव्हेंबरला तू जुन्या गोव्यात असणार म्हणजे नेमका सेंट कॅथरीनच्या दिवशी! २४ तारखेपासून सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताची नवेनं (नऊ दिवसांच्या प्रार्थना) लागतात, बॉम जेझूस बॅसिलिकेपुढे पाय ठेवायला जागा नसते. म्हणून सकाळीच दिवाडीच्या फेरीधक्क्यावरून वर चालत ये. बॅसिलिकेकडून आलास तर वेशीची पाठ आधी दिसते आणि सगळा क्रमच उलटतो.

ही वेस म्हणजे व्हाईसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा पोर्तुगीजांचा इथला व्हाईसरॉय असताना, १५९७च्या सुमाराला बांधलेली. नवा व्हाईसरॉय मांडवीतून येऊन हिच्याखालूनच शहरात शिरायचा. नदीकडच्या तोंडाला हिरवट ग्रॅनाइट, बाकी जांभा. कोनाड्यात वास्को उभा. पण प्रत्येक चिरा चारशे वर्षांचा समजू नकोस. कमान कोसळली होती, १९५४ साली पुन्हा उभारली.

जांभा मात्र जवळून बघ. खाणीत मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो, तरी त्याची छिद्रं पाणी पीतच राहतात. त्यावर चुन्याचा गिलावा हवा, तो ओल आत कोंडू देत नाही. सिमेंट फासलं की ओल अडकते आणि गिलाव्याआडून दगडाचा भुगा होतो. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर समज, चुना तिथे आधीच गेलाय.

कमानीखालून पलीकडे जा आणि मागे वळून वर बघ. पायाखाली आडवा पडलेला पुरुष, हातात तलवार आणि उघडं पुस्तक, अशी बाई. तलवार आणि पुस्तक ही कॅथरीनची खूण. पायाखालचा तो तिला मारणारा रोमन सम्राट. काहीजण त्याला आदिलशहा म्हणतात, आणि त्याचं कारण तारखेत आहे: पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कनं विजापूरकरांकडून गोवा दुसऱ्यांदा, कायमचा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१०ला. से कॅथेड्रलही तिच्याच नावाचं. मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींत तिचंच हौतात्म्य कोरलंय.

पण खरी वेस ही नव्हेच. आल्बुकर्क ज्या दारातून शिरला ते दार आज उरलेलं नाही. पुरातत्त्व संग्रहालयाच्या पश्चिमेला, सेंट फ्रान्सिस असीसीच्या चर्चजवळ, कॅथरीनचं छोटं जांभ्याचं चॅपल आहे, तिथे जा. गव्हर्नर जॉर्ज काब्राल यानं १५५०ला लावलेला शिलालेख तिथे आहे. मोबाइलचा टॉर्च बाजूनं, तिरपा धर; समोरून धरलास तर अक्षरं सपाट होतात. ‘पोर्ता’ म्हणजे दार, तो शब्द शोध. याच जागी दार होतं, असं तो दगड सांगतो.

तुझा,
विनय