शेतावरच्या शाळेबद्दल तू विचारलेलं सगळं

प्रिय चिऊ,

तुला मोघम उत्तरं चालत नाहीत, म्हणून सरळ लिहिते. हो, तू तिथे राहणार आहेस. नाही, कायमची नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात घरी येशील, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आणि बाबा तिकडे येऊ. आधी महिनाभर राहून बघ. नको वाटलं तर नको म्हण. "अजून थोडं राहा ना" असा आग्रह मी करणार नाही.

"मलाच का पाठवताय?" असं तू विचारलंस. तुझ्यात काही बिघडलंय आणि ते दुरुस्त करायचंय, असं मुळीच नाही. ऑटिझम हा आजार नाही. तो बरा करून देतो म्हणणाऱ्यांच्या दारात आपण उभंही राहणार नाही.

कारण मंडईतलं आहे. थेरपीच्या खोलीत प्लॅस्टिकची वांगी आणि खेळण्यातल्या नोटा घेऊन तू हिशेब शिकलीस, एकही चूक न करता. मंडईत मावशी म्हणाल्या, "सुटे द्या ताई, आणि कोथिंबीर घेताय का?" मागे टेम्पोचा हॉर्न वाजत होता. तू पिशवी खाली ठेवलीस आणि कान झाकून घेतलेस. हिशेब तुला येतच होता. पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप वापरता येत नाही. म्हणून जे जिथे वापरायचं, ते तिथेच शिकावं, असं माझं ठाम मत झालंय.

तिथे तसंच शिकवतात. सकाळी गोठा. दूध मापायचं, वहीत लिहायचं, स्वयंपाकघरात पोचवायचं. रात्री विरजण लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच दही ताटात. लिटर, मिलिलिटर, अपूर्णांक, सगळं त्या वहीत येतं. आठवडी बाजारात सुरुवातीला भल्या सकाळी नेतात, पालं उभारली जात असताना, गर्दी नसते तेव्हा. भिंतीवर दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक असतं. बदल असेल तर आदल्या संध्याकाळी तुझ्यासमोर चित्र बदलतात. हेडफोन कधीही लावता येतात. शेणाचा वास तुला नक्की त्रास देईल. नाहीच सोसला तर रोपवाटिकेत काम मागायचं.

हाताने काम करत शिकणं नवं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हीच. आणि १९४० मध्ये, नाझींमुळे व्हिएन्ना सोडावं लागलेल्या कार्ल क्योनिग या डॉक्टरांनी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ कॅम्पहिल सुरू केलं. विशेष मुलं आणि त्यांना शिकवणारी मोठी माणसं तिथे एकत्र राहत आणि रोजची कामंही एकत्रच करत. (सनावळ्या तुझ्यासाठी मुद्दाम लिहिल्यात.)

दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) द्यायची. एकेक विषय देता येतो. पाच वर्षं आणि नऊ संधी असतात, त्यामुळे घाई नाही.

आता नीट वाच. न्हाणीघराला आतून कडी आहे, मी स्वतः लावून पाहिली. मुलींच्या खोल्यांजवळ रात्री दोन ताया झोपतात. पाळीचं सामान तुझ्याच कपाटात राहील. कुणी अंगाला हात लावलेला आवडला नाही, किंवा कुणी "आईला सांगू नकोस" म्हणालं, तर त्याच दिवशी मला कळवायचं. बोलता आलं नाही तर लाल कार्डाचा फोटो पाठव. मी निघेन.

नातेवाईक म्हणतात, पोरीला बाहेर टाकताय. म्हणू देत. तू गेल्यावर मला फार जड जाणार आहे, रोज तुझी आठवण येणार आहे. पण पुढे कधीतरी, मी आणि बाबा नसताना, तुझा दिवस दुसऱ्या कुणी ठरवू नये. तो तू ठरवावास, आपल्या हाताने दोन घास करून खावेस, आणि नको तिथे नको म्हणावंस, एवढं मला हवंय.

पिशवीत निळी चादर भरायची आहे. धुऊन भरू की न धुता? शनिवारपर्यंत सांग.

तुझी,
आई