बूम म्हणजे चॅनेलचा माईक हातात घेतलेल्या माझ्या पोरीला

प्रिय बेटा,

फोनवर तू अर्धं ऐकते आणि मधेच 'बाबा, डेस्कचा कॉल येऊन राहिला' म्हणून ठेवून देते, म्हणून हे टाईप करून पाठवतोय, लांबलचक झालंय पण सवडीने वाच. चॅनेलने तुला तपासाच्या स्टोऱ्या करायला दिल्या हे ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली आणि लगेच मला म्हणाली, तिला सांगा, शाळा-दवाखाने कर म्हणावं, ठेकेदारांच्या नादी लागू नको. मी तसं काही सांगणार नाही. रस्तेच कर. माझं आयुष्य रस्त्याच्या साइटवर सुपरवायझरकी करण्यात गेलं, तेव्हा त्यातलं तुला घरबसल्या शिकायला मिळेल. पण आधी मुकेश चंद्राकारबद्दल बोलायचंय, तो छत्तीसगडमधल्या बीजापूरचा पत्रकार, रस्त्याच्याच बातमीवरून ज्याला मारलं.

त्याचा फोटो तू स्टेटसला ठेवला होता, मी पाहिला होता. बीजापूर आपल्याला काही परका मुलूख नाही, सिरोंचाच्या पुढे इंद्रावतीचा पूल ओलांडला की भोपालपटनम आणि तिथून सरळ बीजापूर. मुकेश तिथल्या बासागुड्याचा. वडील लहानपणीच गेले, आई अंगणवाडीत, सलवा जुडूमच्या, म्हणजे नक्षल्यांविरुद्ध गावकऱ्यांना उभं केलेल्या मोहिमेच्या धामधुमीत गाव सुटलं, कॅम्पात दिवस काढले, पुढे आईही कॅन्सरने गेली. पोराने गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त केल्या आणि मग भावासारखाच पत्रकारितेत आला. कोणत्या कॉलेजात मास कॉम वगैरे नाही. मोठमोठ्या चॅनेलांसाठी स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे पगाराशिवाय बातमीमागे पैसे घेऊन राबला आणि स्वतःचं 'बस्तर जंक्शन' नावाचं यूट्यूब चॅनेल काढलं, दीड लाखाच्या वर सबस्क्रायबर झाले त्याचे. दिल्लीवाल्यांना बस्तर दिसायचं ते अशाच चार-दोन पोरांच्या कॅमेऱ्यातून, आणि नाव मात्र स्टुडिओत बसलेल्या अँकरचं व्हायचं, हे तर तुलाही आता रोजचंच होणार.

एप्रिल २०२१ मध्ये त्या भागात चकमक झाली, २२ जवान गेले, आणि सीआरपीएफच्या एका कोब्रा कमांडोला नक्षल्यांनी धरून नेलं होतं. त्याला सोडवून आणायला मध्यस्थांसोबत जे पत्रकार जंगलात गेले त्यात हा होता. म्हणजे बघ, बंदुकांच्या दोन्ही बाजूंनी ज्याच्यावर विश्वास टाकला असा माणूस. जंगलातून तो प्रत्येक वेळी सुखरूप परत आला आणि जीव गेला कुठे, तर गावातल्या गावात, ओळखीच्या माणसाच्या आवारात.

ती स्टोरी रस्त्याचीच होती. गंगालूरकडचा रस्ता, टेंडर ५० कोटींचं, ते १२० कोटींवर गेलं आणि रस्त्याची गत बघवत नव्हती. डिसेंबर २०२४ च्या शेवटी एनडीटीव्हीवर बातमी लागली, मुकेशने त्यांना त्यात साथ दिली होती, सरकारने चौकशी लावली. १ जानेवारीच्या संध्याकाळी तो घरून निघाला तो आलाच नाही. भावाने पोलिसात तक्रार दिली, दोस्तांनी शोधाशोध केली आणि ३ तारखेला ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्याचा मृतदेह सापडला, वरून ताजं सिमेंट टाकून बुजवलेलं. ठेकेदार कोण, तर त्याचाच दूरचा नातेवाईक. ५ तारखेला त्याला हैदराबादेत पकडला. आणि ६ जानेवारीला आपल्याकडे 'दर्पण' या पहिल्या मराठी वर्तमानपत्राच्या आठवणीत पत्रकार दिन, शाली-श्रीफळं, आणि बाप्पा, त्यातल्या किती कार्यक्रमांचे बॅनर ठेकेदारांनीच लावलेले असतात ते तू आता जवळून बघशीलच.

मला त्यात सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्याला परक्याने नाही मारलं. पोलिसांचं म्हणणं असं की त्या रात्री तो नातेवाइकांसोबत जेवायला बसला होता आणि तिथेच बातमीवरून वाद झाला. लोकल रिपोर्टरचं हेच आहे बेटा. दिल्लीचा रिपोर्टर स्टोरी करतो आणि संध्याकाळच्या विमानाने जातो. तू स्टोरी करशील आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेट्रोल पंपावर, त्याच किराणा दुकानात, त्याच माणसाच्या मेहुण्याच्या लग्नात जेवायला. मध्य प्रदेशातल्या भिंडचं २०१८ चं प्रकरण आठव, रेतीचं स्टिंग केलेला चॅनेलवाला पोरगा, जिवाला धोका आहे असं लेखी देऊन बसला होता, तरी ट्रकखाली गेला, सीसीटीव्हीत दिसतंय. आणि आपल्या राजापूरचे पत्रकार वारिशे, बातमी छापून आली त्याच दिवशी गाडीने उडवलं.

म्हणून माझं एक ऐक. स्टोरी लागल्यावर कोणी म्हटलं ना की ताई, या जरा, बसून बोलू, गैरसमज झालाय, तर जायचं नाही. मामा असो, काका असो, माझा जुना दोस्त असो. ऑफिसला या म्हणायचं, दोन माणसांसमोर बोला म्हणायचं.

आता रस्त्याचं. तक्रार आली की लगेच बूम घेऊन गाडीतून उडी मारू नको. आधी कामावरचा बोर्ड वाच, रक्कम, लांबी, ठेकेदार आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदार किती दिवस जबाबदार ते, कारण तो कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खिशातून व्हायला पाहिजे, आणि गंमत म्हणजे तेच खड्डे सरकारी पैशाने बुजवलेले सापडतात. मग माहिती अधिकारात एस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि एमबी, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहिलेली वही (मेजरमेंट बुक), माग. एमबी म्हणजे सगळ्या भानगडीची कुंडली, बिल त्याच्यावरून निघतं. त्यात २० मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, लिहिलेलं असतं आणि जागेवर कडेला बोट घातलं तर भाकरीचा पापुद्रा निघावा तसं डांबर हातात येतं. पट्टी लावून कॅमेऱ्यासमोर मोज, बोलू नको जास्त. खडीचा लीड, म्हणजे खदानीपासून साइटपर्यंतचं अंतर, बघ. एस्टिमेटमध्ये लांबच्या खदानीचा लीड धरलेला असतो, वाहतुकीचे पैसे तसे लागतात, आणि खडी येते बाजूच्याच टेकडीची. रॉयल्टीचे, म्हणजे खडी काढायला सरकारला भरलेल्या पैशाचे पास मागव, त्यावरचे गाडी नंबर आणि ब्रास (खडीचं माप) एमबीशी ताडून बघ, तिथेच बरेचसे उघडे पडतात. माहिती अधिकारात नुसते कागद नाही, चालू कामाची पाहणी करता येते आणि मालाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात, हे पुष्कळ रिपोर्टरांना ठाऊकच नसतं. ३० दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, कंटाळा नको करू.

छुप्या कॅमेऱ्याचं मात्र मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. २००७ मध्ये दिल्लीत एका शिक्षिकेवर खोटं स्टिंग दाखवलं, जमावाने तिला मारलं, कपडे फाडले, आणि मग कळलं की सगळं बनावट. चॅनेल महिनाभर बंद होतं, बाईचं काय परत येणार होतं? कागद असले की स्टिंगची गरज फार कमी पडते. ओरिजिनल फुटेजचं कार्ड मात्र पुसू नको, कोर्टात एडिट केलेल्या क्लिपला कोणी विचारत नाही.

पैशाचं बोलायला तुला लाज वाटते, मला नाही वाटत. स्टोरीमागे पैसे, तेही तीन महिन्यांनी, गाडीचं पेट्रोल स्वतःचं, आणि वरून मार्केटिंगवाला म्हणणार की दिवाळीच्या जाहिराती आण, म्हणजे ज्याची स्टोरी करायची त्याच्याच दारात जाहिरात मागायला जा. तिथे पहिल्याच दिवशी नाही म्हण. एकदा का त्याची जाहिरात आणली की पुढे त्याचा रस्ता तुला खराब दिसतच नाही.

आपल्या राज्यात २०१७ चा कायदा आहे, पत्रकारावर हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि तपास डीवायएसपीच्या खालच्या माणसाने करायचा नाही. पण तो लागू व्हायला तू चॅनेलची माणूस आहेस हे सिद्ध व्हायला पाहिजे, कायमची असो की कॉन्ट्रॅक्टवर. गळ्यातलं आयडी कोणीही छापून देतं. अपॉइंटमेंट लेटर दिलं का त्यांनी? नसेल तर उद्याच मेल टाक आणि मला सीसीत ठेव. आणि तू म्हणत होतीस त्या पुलाची एमबी मिळाली असेल तर येताना झेरॉक्स घेऊन ये, चष्मा नवा केलाय, बसून बघू.

तुझे बाबा