तेजस ओझरला आले, आता सुट्या भागांचे बोला

महोदय,

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. त्या दिवसांत वाचलेल्या बहुतेक लेखांत एक तर १९७१ चा पराक्रम होता, नाही तर ‘उडती शवपेटी’ हा जुना शिक्का. १९६३ साली हवाई दलात आलेले हे विमान बासष्ट वर्षे कुणी उडते ठेवले, हे फारसे कुणी लिहिले नाही. त्याचे सांगाडे आमच्या ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात बनले, इंजिने ओडिशातल्या कोरापूटला. सोव्हिएत संघाने मिग-२१ चे उत्पादन १९८५ मध्ये थांबवले. ओझरला ते १९८७ पर्यंत चालू होते.

खरी कसोटी लागली ती १९९१ नंतर. सोव्हिएत संघ फुटला आणि एका देशातले कारखाने अनेक देशांत वाटले गेले. दोन आसनी मिग बनवणारा तिबिलिसीचा कारखाना तर जॉर्जियात गेला. ज्या भागासाठी पूर्वी मॉस्कोला एक पत्र पुरायचे, तो आता नेमका कोण देणार, इथून सुरुवात. माझी नोकरीची वर्षे नाशिकमध्ये सुट्या भागांच्या तपासणीत गेली, म्हणून सांगतो: लढाऊ विमानाचा भाग नुसता मापात बसून चालत नाही. रशियन बनावटीच्या महत्त्वाच्या भागासोबत त्याचा ‘पासपोर्ट’ येतो. त्यात क्रमांक, किती तास चालला, ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) कधी झाले, किती आयुष्य उरले, सगळे नोंदलेले. ते कागद हरवले तर चकचकीत नवा पंपही विमानाला लावता येत नाही. रबरी सील तर पाकिटात पडून असले तरी त्यांची मुदत संपते! मग एका विमानाचा भाग काढून दुसरे उभे करायचे, आणि पहिले हँगरमध्ये वाट बघत राहायचे.

हे दुखणे एकट्या मिगचे नाही. जॅग्वार हे लढाऊ विमान आज जगात फक्त आपले हवाई दल वापरते आणि त्याच्या सुट्या भागांसाठी आपल्याला फ्रान्स, ओमानकडून त्यांची निवृत्त विमाने घ्यावी लागली. अमेरिकेने तर २००६ मध्ये सेवेतून काढलेली आपली बरीचशी एफ-१४ विमाने यंत्रात घालून चुरडली, कारण त्यांचा एकही भाग हीच विमाने वापरणाऱ्या इराणच्या हाती लागू द्यायचा नव्हता.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजस मार्क-१ए या भारतीय बनावटीच्या लढाऊ विमानाने उड्डाण केले. नाशिककर म्हणून ऊर भरून आला. एकूण १८० विमानांची मागणी नोंदवली गेली आहे. पण इंजिन अमेरिकन, संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारे इजेक्शन सीट ब्रिटिश. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले आले मार्च २०२५ मध्ये. नव्या विमानाची ही गत, तर वीस वर्षांनी त्याच इंजिनाची पाती, पंप, सील कोण देणार?

निदान जे इथे बनते, ते तरी जपावे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या लहान कारखान्याला एखाद्या भागाचे चाळीस-पन्नास नग मिळतात आणि पुढची ऑर्डर कधी येईल याचा पत्ता नसतो. तोवर त्या भागाचे जिग (काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणारे साधन) अडगळीत जाते, हात बसलेला कारागीर मोटारीच्या कामाला लागतो. पुन्हा ऑर्डर आली की पहिल्या नगाची मंजुरी नव्याने. यात महिने जातात, आणि मोठ्या रकमेचे आकडे जाहीर करणाऱ्यांना ते दिसतही नाहीत.

संरक्षण मंत्रालयाने तेजसच्या सुट्या भागांसाठी लहान पुरवठादारांशी किमान दहा वर्षांचे करार करावेत, दरवर्षी थोडे का होईना काम नक्की द्यावे. परदेशी कंपनीने एखादा भाग बनवणे थांबवले, तर त्याची रेखाचित्रे आणि तो इथे बनवण्याचा हक्क आपल्याला मिळेल, हे कलम खरेदीच्या करारातच घालावे. आणि मिगवर हात बसलेले जे लोक ओझर परिसरात अजून आहेत, त्यांना नव्या मुलांना शिकवायला बोलवावे. बोलावणे आले तर यायला आम्ही तयार आहोत.

– एक निवृत्त तपासनीस, ओझर (जि. नाशिक)