हिरा घडवला कोणी, पाहिला कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात ‘एक्स-रे लेझरने प्लास्टिकचे हिरे’ ही चार ओळींची बातमी आली. मराठी पेपरात असा विषय आल्याचा मनापासून आनंद झाला. पण मथळा चुकला आहे, आणि चूक नेमकी प्रयोगाच्या गाभ्यातच आहे.

शेजारचा सातवीतला मुलगा त्या दिवशी पोटमाळ्यावरच्या जुन्या मखराचा थर्माकोलचा तुकडा घेऊन आला. कडेला सोनेरी जिगाची पट्टी अजून चिकटलेली. “टीचर, ह्यातून हिरे निघतील?” पदार्थ त्याने बरोबर ओळखला होता. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेतला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला तो प्रयोग पॉलिस्टायरीनवरच झाला होता, आणि थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. हिरे मात्र नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांशात, मोजावे लागतील एवढेसे, असे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग ते दिसले कसे?”

बातमीत राहून गेले ते हेच.

हिरे घडवले दुसऱ्याच लेझरने, दृश्य प्रकाशाच्या. त्याचा मारा होताच प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा पृष्ठभाग वाफ होऊन बाहेर उसळला आणि त्या धक्क्याने आघाताची लाट आत घुसली. मागोमाग दुसरी, अधिक वेगाची. दुसरीने पहिलीला गाठले तिथे दाब आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे १५ लाख पट झाला, तापमान ५ हजार अंशांच्या घरात गेले. प्लास्टिकमधला हायड्रोजन वेगळा झाला, कार्बनचे अणू हिऱ्याच्या रचनेत बसले. युरेनस आणि नेपच्यूनच्या पोटात हिऱ्यांचा पाऊस पडत असावा, हा जुना तर्क इथे पृथ्वीवर पडताळून पाहता आला.

हा सारा खेळ काही नॅनोसेकंदांत संपतो. तेवढ्यात अणूंची मांडणी टिपायची तर एक्स-रेचा झोत प्रचंड तेजस्वी आणि अतिशय अल्पजीवी हवा. सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा वीस करा. झोत टिकतो तो साधारण तेवढाच. तो मिळवण्यासाठी जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळणारे इलेक्ट्रॉन आलटूनपालटून मांडलेल्या चुंबकांमधून नागमोडी नेतात; त्यातून एक्स-रे लेझरचा झोत निघतो. स्लॅकचे हे यंत्र २००९ मध्ये सुरू झाले. हॅम्बुर्गजवळचे असेच युरोपीय यंत्र ३.४ किलोमीटर लांबीचे आहे. (एक्स-रे लेझर स्वतःही पदार्थ तापवू शकतो. २०१२ मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा त्याने सुमारे २० लाख अंशांपर्यंत तापवला होता. पण हिऱ्यांच्या प्रयोगात त्याचे काम पाहण्याचे होते.)

स्लॅकच्याच यंत्रापाशी लोखंडावरही प्रयोग झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रचंड दाबाखाली लोखंडाचे अणू षट्कोनी रचनेत येतात आणि ताण असह्य झाला की त्या रचनेचे भाग जवळजवळ काटकोनात वळतात, हे तिथे दिसले. पृथ्वीच्या गाभ्यातले लोखंड कसे वागत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. आमच्या डिचोली-सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या घरे लोहखनिजावर चालली. अंगणातली मातीसुद्धा लाल. इथल्या मुलांना ही गोष्ट परकी वाटायची नाही.

तेव्हा विनंती अशी, की मथळ्याची दुरुस्ती दोन ओळींत छापावी आणि लोखंडाच्या या प्रयोगावर निदान अर्धा रकाना द्यावा, त्यात ‘काय सापडले’च्या जोडीने ‘कसे पाहिले’ हेही असावे. मुलाला मी कात्रण देण्याचे कबूल केले आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, डिचोली