विषय : बायॉस अपडेटनंतर व्हिडिओ एक्सपोर्ट मंदावल्याबाबत सहावी आणि शेवटची तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी आपल्या मदत केंद्राला केलेला सहावा फोन ४० मिनिटांनंतर मध्येच तुटला आणि तो परत कोणीही केला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी साताऱ्यात लग्नसमारंभांचे चित्रीकरण आणि एडिटिंग करते. बाराव्या पिढीचा कोअर आय-७ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड असलेला आपला लॅपटॉप १८ मिनिटांची ४के फिल्म १६ मिनिटांत एक्सपोर्ट करत असे, म्हणजे एडिट केलेल्या फिल्मची अंतिम फाइल तयार करत असे. बिजागरीच्या दुरुस्तीसाठी तो आपल्या सेवा केंद्रात दिला, तेव्हा मला न विचारता त्याचे बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करण्यात आले, आणि तेव्हापासून तेच प्रोजेक्ट त्याच सेटिंगवर १ तास ५२ मिनिटे घेते.

माझा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ या, रंगांचा अधिक तपशील ठेवणाऱ्या व्हिडिओ प्रकारात चित्रण करतो. आरटीएक्स ३०६० मधला डीकोडर या प्रकारच्या फाइल उलगडू शकत नाही. ते काम प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सचे, म्हणजे क्विक सिंकचे आहे, आणि त्यासाठीच मी हे मॉडेल निवडले होते. अपडेटनंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेल ग्राफिक्स दिसत नाही आणि बायॉसमधला हायब्रिड ग्राफिक्सचा, म्हणजे इंटेल आणि आरटीएक्स दोन्ही चालू ठेवण्याचा पर्यायही नाहीसा झाला आहे. एक्सपोर्ट चालू असताना सीपीयू १०० टक्क्यांवर असतो, तर व्हिडिओ डीकोडचा आलेख शून्यावर. मोबाइलवर ८-बिट ४:२:० मध्ये घेतलेले चित्रण मात्र आजही पूर्वीइतक्याच वेगाने एक्सपोर्ट होते. डिस्क, रॅम किंवा तापमान हे कारण असते, तर तेही रखडले असते.

हे सर्व मी प्रत्येक फोनवर सांगितले. उत्तरादाखल विंडोज नव्याने टाकायला सांगण्यात आले, ते मी दोनदा केले आणि त्यात कामाचे दोन दिवस गेले. नंतर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, वापरण्याचा सल्ला मिळाला. प्रॉक्सीने टाइमलाइन हलकी होते, पण एक्सपोर्ट मूळ फाइलींवरूनच होतो, हे आपल्या मदतनीसाला मला समजावून सांगावे लागले.

तिसऱ्या फोनवर जे घडले, ते मी विसरू शकत नाही. डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरच्या यादीत एकच नाव उरले आहे, हे मी वाचून दाखवत असताना मला मध्येच थांबवून विचारण्यात आले, "मॅडम, हे जरा टेक्निकल आहे, मिस्टरांना फोन देता का?" हा लॅपटॉप मी घेतला आहे, यावर काम मीच करते आणि गेली ११ वर्षे हाच माझा व्यवसाय आहे, असे मी शांतपणे सांगितले. त्यावर, "मग घरात दुसरं कोणी कॉम्प्युटरमधलं आहे का?" असा प्रश्न आला. त्यानंतर मला १२ मिनिटे थांबवून ठेवले आणि शेवटी सांगितले, "सीनियर म्हणतात, मोठ्या व्हिडिओला वेळ लागतोच. रात्री लावून झोपत जा." माझ्या कामाचा आणि माझा असा अपमान आजवर कोणत्याही ग्राहकाने केलेला नाही, तो ज्या कंपनीला मी पैसे मोजले, तिने केला.

ऐन लग्नसराईत दोन कुटुंबांना मी ठरल्या दिवशी फिल्म देऊ शकले नाही आणि एकाची आगाऊ रक्कम परत करावी लागली. मला न विचारता केलेल्या अपडेटची ही किंमत आहे. "कमर्शिअल वापर आहे, तक्रार चालणार नाही" असेही पाचव्या फोनवर ऐकवण्यात आले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत मोडत नाही, आणि मी राहते त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात मला तक्रार दाखल करता येते.

बायॉसची पूर्वीची आवृत्ती परत टाकून द्यावी किंवा हायब्रिड पर्याय पूर्ववत करावा, आणि यापैकी काय करणार ते १५ दिवसांत लेखी कळवावे. अन्यथा मी आयोगाकडे जाईन. आधीचा लॅपटॉपही मी आपल्याच कंपनीचा घेतला होता आणि तो सात वर्षे विनातक्रार चालला, त्यामुळे हे लिहिताना मला खरोखर वाईट वाटते.

लॅपटॉप मी स्वतः सेवा केंद्रात घेऊन येईन. मात्र दुरुस्तीनंतर तेच १८ मिनिटांचे प्रोजेक्ट तंत्रज्ञाने माझ्यासमोर एक्सपोर्ट करून दाखवावे. त्याशिवाय दुरुस्तीच्या कागदावर मी सही करणार नाही.

तक्रारदार ग्राहक,
सातारा

सोबत : खरेदीची पावती, सेवा केंद्राचा कामाचा कागद, टास्क मॅनेजर आणि डिव्हाइस मॅनेजरचे स्क्रीनशॉट