बेट लहान, म्हणूनच विजेची गाडी सोयीची

संपादक महोदय,

मॉरिशसमध्ये विजेच्या गाड्यांचा विषय निघाला की ‘वाटेत बॅटरी संपली तर?’ हा प्रश्न हमखास येतो. आपले बेट उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर! उत्तरेच्या ग्राँ बेहून आग्नेयेच्या माएबुर्गला जाऊन परत आले, तरी आजच्या बहुतेक विद्युत मोटारींचे चार्जिंग शिल्लक राहते. उलट पेट्रोल-डिझेलचा थेंबन्‌थेंब आपल्याकडे जहाजाने येतो, आणि तेल समुद्रात सांडले की काय होते हे 2020 मध्ये आपल्या किनाऱ्याजवळ अडकून फुटलेल्या ‘वाकाशिओ’ या मालवाहू जहाजाने दाखवले. उसाचे पाचट भरलेले तरंगते अडसर करून तेल अडवण्यासाठी लोक रात्रंदिवस राबत होते, ते मी विसरू शकत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. आपली बहुतांश वीज अजूनही कोळसा आणि जड तेलावर तयार होते. संध्याकाळी सगळ्यांनी एकदम गाड्या चार्जिंगला लावल्या तर ताण वाढेल आणि धूरही. म्हणून पोर्ट लुईसमधील कचेऱ्यांच्या वाहनतळांवर सौर छपरे घालून दुपारच्या चार्जिंगची सोय करावी. सुरुवात मात्र बसपासून व्हावी, कारण त्या दिवसभर धावतात आणि त्यांचा धूर थांब्यावर उभी असलेली शाळकरी मुले पितात.

– एक वाचक, मॉरिशस