मैना आणि सारिका, नावं दोन पण पाखरू एकच

संपादक महोदय, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुलींच्या नावांची यादी आली होती, त्यात सारिका या नावापुढे 'मधुर बोलणारी' आणि मैना या नावापुढे नुसतं 'जुनं, गावाकडचं नाव' असं छापलंय. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण माझं नाव सारिका आणि माझ्या मोठीमायचं, म्हणजे वडिलांच्या आईचं, नाव मैनाबाई. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं सगळं आयुष्य शेतात गेलं, आणि ती मला कायम म्हणायची, "तुन्हं नाव चांगलं शे व माय, मन्हं नाव ते पाखरूनं शे." नातीचं नावही त्याच पाखराचं आहे हे तिला कोणी सांगितलंच नाही. मलाच ते बीएला संस्कृत घेतल्यावर कळलं, तोवर ती गेली होती. याची रुखरुख अजून आहे.

सारिका म्हणजे मैनाच. तपकिरी अंगाची, पिवळ्या चोचीची, डोळ्यामागे पिवळा पट्टा असलेली आपली रोजची साळुंकी. संस्कृतात तिला मदनसारिका असंही म्हणतात. लोकांच्या तोंडी 'मदन'चं प्राकृतात 'मयण' झालं, त्यातून मैना आलं, आणि मागचा सारिका मात्र पोथ्यांमध्ये जसाच्या तसा राहिला. म्हणजे एकाच शब्दाचा पुढचा तुकडा मोठीमायकडे आणि मागचा माझ्याकडे! एक रोज वापरून गुळगुळीत झाला म्हणून गावठी आणि दुसरा पुस्तकात बसून राहिला म्हणून शुद्ध, हा कुठला न्याय?

आणि 'मधुर बोलणारी' हा अर्थही बरोबर वाटत नाही, साळुंकीचा कलकलाट ज्यांनी संध्याकाळी वडाखाली उभं राहून ऐकलाय त्यांना मधुर वगैरे सुचणार नाही, तिची खुबी वेगळीच, ती माणसाची नक्कल करते. यजुर्वेदात अश्वमेधातल्या पशुपक्ष्यांच्या यादीत सरस्वतीसाठी 'शारि', म्हणजे हीच सारिका, सांगितली आहे आणि तिला विशेषण आहे 'पुरुषवाक्', माणसासारखं बोलणारी. विद्येच्या देवीला नेमकी हीच, हे मला फार आवडतं. पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही चौसष्ट कलांमधली एक कला होती. हर्षाच्या 'रत्नावली' नाटकात तर पिंजऱ्यातून सुटलेली सारिका झाडावर बसून दोन मैत्रिणींचं खासगी बोलणं राजाला ऐकवते आणि नायिकेच्या मनातलं त्याला तिथंच कळतं.

अजून एक नाव सांगते, गौतम बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त. म्हणजे सारीचा मुलगा. आईचं नाव सारी, तिचे डोळे सारिकेसारखे तेजस्वी होते म्हणून ते पडलं अशी कथा आहे. एवढा मोठा माणूस अडीच हजार वर्षं आईच्या, म्हणजे पाखराच्या नावाने ओळखला जातोय. आमच्या गल्लीतही एक सारीपुत्र आहे, त्याला हे सांगितलं तर तो दिवसभर सगळ्यांना सांगत फिरला.

मैना नावाचा दुसरा धागाही आहे तो सोडू नये, गोपीचंदाची आई मैनावती, नवनाथांच्या पारायणामुळे ती आपल्याकडे घरोघरी माहीत, त्यामुळे काही घरात मैना हे नाव तिच्यावरूनही ठेवलेलं असणार. पण मोठीमायचं तसं नव्हतं, तिची आई म्हणायची पोरगी लई बडबडी म्हणून मैना.

आणि शेतकऱ्याच्या घरात या नावाची लाज वाटायचं तर काहीच कारण नाही. वखर चालू असला की साळुंक्या मागे मागे येतात, उकरलेल्या मातीतल्या अळ्या-किडे वेचतात, आता ट्रॅक्टरमागेही येतात. तिच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द अॅक्रिडोथेरीस, अर्थ टोळांची शिकार करणारी. 1762 मध्ये मॉरिशसला टोळांचा बंदोबस्त करायला हिंदुस्थानातून साळुंक्या नेल्या होत्या, किडीवर पक्षी सोडण्याच्या जगातल्या पहिल्या प्रयोगांमध्ये तो मोजतात.

माझ्या भावाला मुलगी झालीय. घरात मोबाईलवरच्या याद्यांमधून नावं शोधणं चालू आहे, मैना म्हटलं की सगळे 'ए काहीतरीच काय' म्हणतात, आणि त्यात तुमची पुरवणी आली ती त्यांनी मलाच आणून दाखवली. म्हणून विनंती आहे की पुढच्या यादीत मैना या नावापुढे नीट अर्थ छापा, बारसं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आहे, तोवर छापलंत तर कात्रण मी पाळण्याला बांधीन.

आपली वाचक,
सारिका, अमळनेर